अर्धी गोधडी

अगं, तीन गोधड्या सुरू केल्यास आणि एकही पुरी नाही? माझी पहिली तर चार वर्षं माळ्यावर पडून होती. आता चौथी काढू नकोस. तिन्हींत जी सगळ्यात लहान, ती हातात घे.

साड्यांचे थर आधी कच्च्या टाक्यांनी धरलेस ना? नसतील तर थोडं उसवावं लागलं तरी चालेल, पण ते कर. नाहीतर मध्यावर फुगा येतो आणि तिथंच मन उडतं. मग कडेनं धावदोरा घालत आत ये. पहिली फेरी संपता संपत नाही. पुढं प्रत्येक फेरी आखूड होते नि हात आपोआप पळतो. टाके वाकडे गेले तर जाऊ देत, पांघरणाऱ्याला दिसत नाहीत.

उशीर झाला म्हणतेस? जर्मनीतल्या कोलोनचं कॅथेड्रल (मोठं चर्च) १२४८ मध्ये सुरू झालं. सोळाव्या शतकात काम थांबलं, अर्धवट मनोऱ्यावर लाकडी क्रेन शेकडो वर्षं तशीच उभी. १८४२ ला पुन्हा हात लागला, १८८० ला पुरं झालं. तुझी तर दोन दिवाळ्यांचीच रखडलीय!

शेवटची गाठ घाईत मारू नकोस. (मी दोरा दातानं तोडते, लेक ओरडते.) आणि त्या रात्री गोधडी घडी करून ठेवू नकोस, अंगावर घे.