गोव्यात गेस्टहाउससाठी ठेकेदाराची माणसं आणि फ्रीलान्सर ठेवले, तर कामगार कायद्याची जबाबदारी मालकावर येते का?

तुम्ही दिलेली माहिती आधी मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ कळेल. पेडणे तालुक्यात किनाऱ्यालगत गेस्टहाउस, त्याला लागून रेस्टॉरंट. तुमच्या पगारपत्रकावर ८ माणसं. ठेकेदाराची १४: खोल्या साफ करणारे, भांडीवाले, वेटर, दोन वॉचमन. शिवाय महिन्याला ठरावीक रक्कम घेणारा एक ‘कन्सल्टंट’ शेफ आणि वेबसाइट-इन्स्टाग्राम बघणारी एक फ्रीलान्सर. कुणीतरी तुम्हाला सांगितलंय की स्टॅम्पपेपरवर करार करून टाका, मग लेबरचं लचांड ठेकेदाराच्या गळ्यात. ते खरं का?

नाही. करार हवाच, तो कराच. पण त्याने लचांड हलत नाही, फक्त तुम्हाला दिसेनासं होतं.

मी वकील नव्हे. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात अठरा वर्षं पर्सोनेल ऑफिसर होतो, आता फोंड्यात बसून लहान धंद्यांची पीएफ आणि ईएसआयची (कामगार राज्य विम्याची) कामं करतो. खाली जे आहे ते त्या अनुभवातून. नोटीस आली असेल तर वकील गाठा.

सगळ्यात आधी मोजणी. तुम्ही प्रश्नात दोनदा ‘आमची फक्त ८ माणसं’ असं लिहिलंय. कायद्याच्या हिशेबात ती ८ नाहीत, २२ आहेत. पीएफ २० माणसांना लागू होतो, ईएसआय १० ला, आणि दोन्हीकडे ठेकेदारामार्फत आलेला माणूस तुमच्याच आस्थापनेत मोजतात. कामाच्या जागी लैंगिक छळ रोखणाऱ्या २०१३ च्या कायद्यातही तसंच: हंगामी, रोजंदारीवरचे, ठेकेदाराचे, सगळे ‘कर्मचारी’. १० माणसं झाली की अंतर्गत समिती नेमावीच लागते, नाहीतर ५० हजारांपर्यंत दंड. किती गेस्टहाउसांत ती समिती आहे हे मात्र मला विचारू नका.

आता ‘कन्सल्टंट’ कुणाला म्हणायचं? माझ्याकडे येणाऱ्यांना मी पाडेल्याचं उदाहरण देतो. तुमच्या माडांवर नारळ पाडायला येतो तो खरा स्वतंत्र माणूस. कोयता त्याचा, दोर त्याचा, आज यायचं की परवा ते तो ठरवणार (आणि त्याचा परवा म्हणजे पुढचा आठवडा), पैसे माडामागे, सकाळी तुमच्याकडे तर दुपारी शेजारच्या भाटात. तुमचा शेफ रोज अकराला येतो, तुमच्या किचनमध्ये तुमच्या भांड्यांत तुमच्या मेन्यूवरचं शिजवतो, तुम्ही दिलेला एप्रन घालतो आणि चवथीला गावी जायचं तर तुमच्या मॅनेजरकडे रजा मागतो. त्याच्या बिलावर ‘प्रोफेशनल फी’ लिहिलं आणि १० टक्के टीडीएस कापला, म्हणून तो पाडेली होत नाही.

कोर्टांनी हे फार पूर्वीच सांगून ठेवलंय. १९५६ साली सर्वोच्च न्यायालयापुढे ध्रांगध्रा केमिकल वर्क्सचं प्रकरण आलं, मिठागरातल्या अगरियांचं. हंगामापुरते येणारे, कामाचे तास स्वतः ठरवणारे, हाताखाली स्वतःची माणसं लावू शकणारे लोक. कंपनी म्हणाली, हे ठेकेदार. कोर्ट म्हणालं, कामगार. कारण ते स्वतः राबतात आणि वाफे आखण्यापासून मीठ तयार होईपर्यंत देखरेख कंपनीची. पुढे १९७३ मध्ये सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउसचा निकाल आला. शिंप्यांना पैसे नगावर, यायचं-जायचं मनाप्रमाणे, पण मशिनं दुकानाची आणि बिघडलेला कपडा परत शिवून घ्यायचा हक्कही दुकानाचा. तेही नोकरच ठरले. १९७८ च्या हुसेनभाई प्रकरणात मालक आणि मजूर यांच्यामध्ये ठेकेदार होते. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तो पडदा बाजूला सारून एवढंच पाहिलं की या माणसांचं पोट कुणाच्या धंद्यावर चालतं.

मालकांना आवडणारा निकाल म्हणजे २००१ चा, स्टील अथॉरिटीचा. ठेका पद्धत बंद झाली म्हणून माणसं आपोआप कायम होत नाहीत, असं त्यात आहे. त्याच निकालात पुढे असंही आहे की ठेका नुसता दिखाव्याचा निघाला तर ती माणसं मालकाचीच. हा दुसरा भाग कुणी सांगत नाही.

दिखावा आहे की नाही हे कशावरून ठरतं? बहुतेक वेळा तुमच्याच मोबाइलवरून. माझ्या पाहण्यातल्या एका वादात करार चौदा पानांचा होता. ठेकेदाराचा सुपरवायझर हजर राहील, सूचना तोच देईल, सगळी कलमं चोख. कामावरून काढलेल्या मुलाने समेटाच्या बैठकीत फोन पुढे केला. ग्रुपवर मॅनेजरचा मेसेज: ‘उद्या ३ चेकआउट. रूम २ आणि ५ आधी. नवीन मुलगा सकाळी ७ ला. शनिवारी कुणाला ऑफ नाही, विचारू नये.’ ठेकेदार त्या ग्रुपमध्ये नव्हताच. चौदा पानं त्यानंतर कुणी उघडली नाहीत. ज्या गोव्यात दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याला संरक्षण देणारा १९७५ चा मुंडकार कायदा आहे, तिथे कागदापेक्षा वहिवाट मोठी हे खरं तर सांगायला लागू नये.

आता पैशांचं. इथे मी स्वतः पोळलोय.

कुंडईला आमच्याकडे पॅकिंगसाठी ठेकेदाराची माणसं होती. तो दर महिन्याला बिलासोबत पीएफ चलनाची झेरॉक्स जोडायचा. मी रक्कम बघायचो, बँकेचा शिक्का बघायचो, हिरव्या पेनाने ‘पडताळले’ लिहून सही ठोकायचो. अकरा महिने. मग पीएफचे इन्स्पेक्टर आले, त्यांनी नावांची यादी मागितली, आणि कळलं की चलन खरं होतं पण आमच्या माणसांचं नव्हतं. एकाच चलनाची झेरॉक्स तो आमच्यासकट तीन ठिकाणी लावत होता. आमच्या मुलांच्या खात्यात एक रुपयाही नाही. कायद्यात सरळ लिहिलंय की ठेकेदाराच्या माणसांचा पीएफ भरायची अंतिम जबाबदारी मुख्य मालकाची, म्हणजे ज्याच्याकडे ती राबतात त्याची. नंतर तो ठेकेदाराकडून वसूल करू शकतो. आम्ही दुसऱ्यांदा भरला, वर १२ टक्क्यांनी व्याज, शिवाय दंड वेगळा. वसुली करायची कुणाकडून? त्याचा फोन लागेना, ऑफिस म्हणून दिलेल्या गाळ्यात मोबाइल रिचार्जचं दुकान. करारात भरपाईचं कलम होतं, छान ठळक अक्षरांत. भरपाईचं कलम ठेकेदाराच्या खिशाएवढंच मोठं असतं. साहेबांनी माझ्यापुढे फाइल ठेवली आणि माझ्या हिरव्या सह्या एकेक करून दाखवल्या.

म्हणून चलन बघू नका. चलनासोबतची नावानिशी यादी मागा आणि तिच्यातले यूएएन (प्रत्येकाचा पीएफ क्रमांक) आपल्या हजेरीपटाशी ताडून बघा. त्याहून सोपं म्हणजे चहाच्या वेळी एखाद्या मुलाला म्हणा, उमंग अ‍ॅप उघड, पासबुक दाखव. दोन मिनिटांत खरं-खोटं कळतं. पगारही रोख नको, ठेकेदाराच्या खात्यातून थेट मुलांच्या खात्यात जाऊ दे. ईएसआयमध्येही तोच न्याय: मालकाचे ३.२५ टक्के, कामगाराचे ०.७५ टक्के, आणि ठेकेदाराने नाही भरले तर आधी तुम्ही भरायचे.

अपघाताचं तर आणखी कडक. काम तुमच्या धंद्याचाच भाग असेल आणि ते ठेकेदाराकडून करून घेत असाल, तर जखमी कामगार भरपाई थेट तुमच्याकडे मागू शकतो. १९२३ च्या कायद्यात हे होतं, नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. पगार २१ हजारांच्या आत असेल तर ईएसआय बरंचसं झेलतं, पण नोंदणी झालेली असेल तरच. ईएसआयबाहेरच्या माणसांसाठी डब्ल्यूसी पॉलिसी, म्हणजे कामगार-भरपाईचा विमा, घ्या. पाण्याच्या टाकीवर चढणारा, जनरेटरला हात लावणारा तुमच्याकडे कुणी ना कुणी असणारच.

नव्या संहिता म्हटलं की हल्ली सगळे एक वाक्य फेकतात: ‘आता ५० च्या खाली ठेका कामगार कायदा लागूच नाही.’ २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि त्यातल्या ठेका कामगारांच्या नियमांची मर्यादा ५० झाली, हे बरोबर. त्यामुळे लायसन्सची भानगड तुम्हाला नाही. पण वेतन संहितेत ही ५० ची अट नाही. ठेकेदाराने पगार बुडवला तर ज्याच्या आस्थापनेत माणूस राबला त्याने तो द्यायचा, मग माणसं १४ असोत की ४. आणि उद्या दुसरी प्रॉपर्टी घेऊन ५० च्या वर गेलात, तर मुख्य कामासाठी ठेका कामगार लावायला, काही अपवाद सोडता, बंदी आहे. साफसफाई, कँटीन, लाँड्री ही कामं सहसा मुख्य धरत नाहीत, पण धंदाच त्या कामाचा नसेल तेव्हा. कारखान्यात झाडू मारणं दुय्यम असेल; गेस्टहाउसात खोली आवरणं दुय्यम कसं म्हणणार?

हंगामी माणसांबद्दल तुम्ही लिहिलंय, ‘सीझनपुरती असतात, २४० दिवस भरतच नाहीत.’ जरा कॅलेंडर काढा. १ ऑक्टोबर ते ३१ मे म्हणजे २४३ दिवस. पगारी साप्ताहिक सुट्ट्या त्यात धरतात, सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच तसं ठरवलंय. २४० भरले की एक महिन्याची नोटीस आणि वर्षामागे १५ दिवसांचा पगार दिल्याशिवाय कपात, म्हणजे माणूस कामावरून कमी, करता येत नाही. मधेच चार दिवस ‘ब्रेक’ दाखवायची युक्ती सगळ्यांना माहीत आहे, इन्स्पेक्टरलाही. माझं मत विचाराल तर ही चोरटेगिरी सोडा आणि सरळ ठरावीक मुदतीची नेमणूक द्या: लेखी, तारखांसकट, पगार-पीएफ कायम माणसांसारखाच. मुदत संपली की नोकरी संपते, ती कपात धरली जात नाही. महाग पडतं असं वाटतं, पण ठेकेदाराचं कमिशन वाचतं तेही धरा.

फ्रीलान्सर मुलीचं प्रकरण वेगळं. ती बहुधा खरीच स्वतंत्र आहे, तिथे धोका कॉपीराइटचा. पैसे घेऊन तुमच्या सांगण्यावरून काढलेले फोटो, वेगळं काही ठरलं नसेल तर, तुमचे. वेबसाइटचा मजकूर, कोड, लोगो मात्र तिचे, तिने लेखी हस्तांतरण केल्याशिवाय. लेखीतही मुदत लिहिली नाही तर ते ५ वर्षांपुरतंच धरतात. एका पानाचं पत्र आत्ताच करून घ्या, भांडण झाल्यावर कुणी सही देत नाही. आणि हंगामात एखादा परदेशी डीजे किंवा योगशिक्षक पर्यटक व्हिसावर ‘गेस्ट’ म्हणून ठेवायचा विचार असेल तर तो सोडून द्या. तिथे लेबर ऑफिस नाही, पोलीस येतात.

शेफचं म्हणाल तर त्याला पगारपत्रकावर घ्या, हे माझं स्पष्ट मत. ठेकेदाराच्या १४ जणांपैकी किती जणांकडे चालू यूएएन आहे आणि शेवटचा जमा कुठल्या महिन्याचा, एवढं बघून खाली लिहा. पुढचं त्यावर सांगता येईल.