शब्द रोज नवा, नमुना समोरचा

प्रश्न : ऑक्टोबरमध्ये मी इंकटोबर करते, म्हणजे यादीतल्या रोजच्या एका शब्दावर शाईचं चित्र. यंदा सगळी चित्रं निसर्ग आणि विज्ञानाची काढायची आहेत, पण यादीतले शब्द फारच मोघम असतात. शाळा सांभाळून दिवसाला तासभर मिळतो. कसं जमवावं? (शिक्षिका, सातारा)

उत्तर : अमेरिकन चित्रकार जेक पार्कर यांनी 2009 मध्ये हा उपक्रम सुरू केला तो शाईवर हात बसावा म्हणून. विषय काय घ्यावा याचं बंधन त्यात नाही, त्यामुळे शब्द मोघम असला तर तो तुमच्या सोयीचाच आहे. त्या शब्दातून एक प्रश्न काढा आणि उत्तर देणारा नमुना समोर आणा.

समजा, शब्द आला ‘टोकदार’. बाभूळ, बोगनवेल आणि गुलाब यांची एकेक फांदी घ्या आणि काटा नेमका कुठून निघतो ते बघा. बाभळीचे काटे पानाच्या बुडाशी जोडीने असतात, कारण ती रूपांतरित उपपर्णं (पानाच्या देठाच्या बुडाशी येणारी छोटी पानासारखी अंगं) आहेत. बोगनवेलीचा काटा पान आणि खोड यांच्या बेचक्यातून येतो, कारण तो फांदीचाच अवतार आहे. गुलाबाचा काटा खोडावर कुठेही उगवतो आणि अंगठ्याने बाजूला दाबला की सालीसकट सुटतो, आत लाकडाशी त्याचा संबंध नसतो. तीन काटे एकाच कागदावर, प्रत्येकाचा उगम स्पष्ट दाखवून काढले की ते विज्ञानाचं चित्र झालं. नुसतं अणकुचीदार टोक रेखाटलं तर ती नक्षी होते.

तासाची वाटणी अशी करा : पहिली 10 मिनिटं फक्त बघणं, मोजणं आणि टिपणं, 15 मिनिटं पेन्सिल, 25 मिनिटं शाई, उरलेली 10 नावं, तारीख, ठिकाण आणि मोजपट्टीसाठी. घाईत लोक नेमकी पहिली 10 मिनिटं गाळतात. मग पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक, पाकळ्या किती, हे अंदाजाने काढलं जातं आणि पुढची सगळी मेहनत चुकीच्या सांगाड्यावर होते. एखादा दिवस हुकला तर हुकू द्या. न बघता काढलेल्या चित्राने तो भरून काढू नका.

प्रश्न : फुलपाखराला मी चारच पाय काढले. मित्र म्हणतात चूक आहे, पण फोटोत चारच दिसतात. (वाचक, पुणे)

उत्तर : फुलपाखरू कोणतं त्यावर ठरेल. रुईवर येणारं प्लेन टायगर किंवा निम्फॅलिडी कुळातलं बहुतेक कुठलंही असेल, तर तुमचं चित्र बरोबर आहे. त्यांचे पुढचे दोन पाय आखूड होऊन छातीशी दुमडलेले असतात. महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ब्लू मॉर्मन मात्र वेगळ्या कुळातलं. ते सहा पायांवर उभं राहतं.

पाय आणि पंख दोन्ही छातीच्या भागातूनच निघाले पाहिजेत. पोटाला पाय चिकटवणं ही नेहमीची चूक. कोळ्याचेही आठही पाय शरीराच्या पुढच्या भागातून निघतात. आणखी एक गोष्ट : संग्रहालयात टाचणी लावलेल्या फुलपाखराचे पुढचे पंख वर ओढून बसवलेले असतात. ती ठेवण फुलावर बसलेल्या फुलपाखराला दिलीत, तर जाणकार लगेच ओळखतो.

फोटोवरून काढताना प्रतिमा उलटी झालेली नाही ना, तेही तपासा. गोगलगायीच्या शंखाची वळण्याची दिशा ठरलेली असते. डीएनएचंही तसंच. घरातला साधा स्क्रू उभा धरा : समोरच्या आट्या डावीकडून उजवीकडे वर चढतात, नेहमीच्या डीएनएचा पीळही तसाच हवा. उलट्या पिळाची चित्रं छापील साहित्यातही सर्रास आढळतात.

प्रश्न : ठिपक्यांनी छटा देताना चित्र मळकट दिसतं. मोबाईलवर टाकल्यावर तर काळा डागच होतो. (विद्यार्थिनी, रत्नागिरी)

उत्तर : आधी कागद बघा. खरखरीत कागदावर ठिपक्याची कड फाटते आणि पेनचं टोकही झिजतं. गुळगुळीत, 200 जीएसएम (चौरस मीटरला 200 ग्रॅम वजनाचा) किंवा त्याहून जाड कागद घ्या. पेन दोन पुरेत : बाह्यरेषेला 0.3 मिमी टोकाचं, ठिपक्यांना 0.1 मिमीचं. पेन उभं धरा. तिरकं धरलं की ठिपक्याला शेपूट फुटतं. सर्वात गडद भागापासून सुरुवात करून उजेडाकडे जाताना ठिपके विरळ करत जा, त्यांचा आकार वाढवू नका. प्रकाश डावीकडून वरून यावा, ही शास्त्रीय चित्रांतली रूढ पद्धत आहे. रोज तीच ठेवली की 31 चित्रांचा संच एकसंध दिसतो.

पेन्सिल एच किंवा 2एच, अगदी हलक्या हाताने. कोकणातल्या दमट हवेत शाई वाळायला वेळ लागतो. लगेच खोडरबर फिरवलं तर काळिमा पसरतो, मळकटपणाचं हे एक मोठं कारण. वर जलरंग द्यायचे असतील तर पाण्याने न विरघळणारी पिगमेंट शाईच वापरा, आणि आधी वेगळ्या तुकड्यावर करून बघा.

काळ्या डागाचं कारण मात्र वेगळं आहे. 20 सेंमी रुंदीचं चित्र 10 सेंमीवर आणलं की 0.1 मिमीची रेघ 0.05 मिमीची होते आणि ठिपक्यांमधली पांढरी जागा मिटते. म्हणून दाट भागातही थोडा पांढरा राखा आणि मध्येमध्ये चित्र हातभर लांब धरून बघा. स्कॅन 600 डीपीआयवर (इंचाला 600 ठिपके) करा. चित्राखाली ‘नमुन्याच्या दुप्पट मोठं’ असं लिहू नका, कारण आकार बदलला की ते खोटं ठरतं. चित्रातच नमुन्यावरचा 1 सेंमी दाखवणारी मोजपट्टी काढा, ती चित्राबरोबरच लहान-मोठी होते.

प्रश्न : कास पठारावरची फुलं चित्रासाठी घरी आणली तर चालतील का? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : नाही. तिथे फुलं तोडायची नाहीत आणि वाटही सोडायची नाही. जागेवरच कच्चं रेखाटन, पाकळ्यांची संख्या आणि रंगाच्या नोंदी घ्या. फोटो अगदी जवळून काढू नका, पुढची पाकळी अवास्तव मोठी येते. थोडं मागे सरून झूम करा. घरी बसून सविस्तर काढायचं असेल तर अंगणातला तेरडा घ्या. त्याच्या फुलामागची मधाची नळी आणि हात लागताच फुटणारी बोंडं यांतच तीन-चार दिवसांचे शब्द सहज बसतील.