नस, चेता आणि हाडातली मज्जा

प्रश्न असा आहे: ‘कंबरदुखीसाठी गेलो तर डॉक्टर म्हणाले, नस दबली आहे. कागदावर मज्जातंतू असं लिहिलंय. मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकात चेतासंस्था आहे. हे सगळं एकच का? आणि मज्जा तर हाडात असते ना?’

मज्जातंतू आणि चेता एकच. मराठी विश्वकोशात त्यालाच तंत्रिका म्हटलं आहे. मेंदूतून यांच्या 12 जोड्या निघतात, मेरुरज्जूतून (मेंदूपासून पाठीच्या कण्यातून खाली जाणाऱ्या दोरीतून) 31. त्वचेकडून खबर आत नेतात त्या संवेदी, स्नायूंना हुकूम पोचवतात त्या प्रेरक. बऱ्याचशा चेता दोन्ही कामं करतात.

खरा गोंधळ ‘नस’ या शब्दात आहे. रक्त काढताना दंडाला पट्टा बांधून जी नस शोधतात, ती शीर, म्हणजे रक्तवाहिनी. दबते ती वेगळी. मणक्यांमधली गादी सरकली की तिथून बाहेर पडणारी चेता चेपली जाते, म्हणून बिघाड कमरेत आणि कळ थेट पायात. कोपर दाराच्या कडेला आपटून बघा (मुद्दाम नको!). झिणझिण्या करंगळीत आणि तिच्या शेजारच्या बोटात जातात, कारण त्या बोटांची चेता कोपराच्या आतल्या हाडामागून, अगदी कातडीखालून जाते. पोटरीत गोळा आला की ‘शिरेवर शीर चढली’ म्हणतो, तिथे तर आखडलेला असतो स्नायू. बोलताना नस खुशाल म्हणावं. लिहिताना मात्र शीर आणि चेता वेगळ्या ठेवाव्यात.

आता मज्जा. शंका रास्त आहे: आयुर्वेदाच्या सात धातूंत मज्जा आहे ती हाडातलीच. पण किराणा दुकानातली ‘मगज बी’ आठवा. मगज म्हणजे आतला गर, आणि मगज म्हणजे मेंदूही. हा फारसी शब्द आणि आपली मज्जा एकाच जुन्या मुळाची भावंडं आहेत; रशियन भाषेत मेंदूला ‘मोझ्ग’ म्हणतात, तोही त्यांच्याच घरातला. कठीण कवचाच्या आतला मऊ गाभा, मग ते कवच हाडाचं असो, कवटीचं की कण्याचं. म्हणून मज्जासंस्था हा शब्द मला चुकीचा वाटत नाही, उलट फार आवडतो. तरी शिकवताना मी चेतासंस्थाच म्हणेन, कारण अस्थिमज्जेचं काम रक्तपेशी तयार करणं, आणि मुलांचा घोटाळा नेमका तिथेच होतो.

स्नायूची गोष्टही अशीच. सुश्रुताने 900 स्नायू मोजले, पण ते सांधे बांधून ठेवणारे बंध होते. मांसाच्या ‘पेशी’, म्हणजे आपण आज ज्यांना स्नायू म्हणतो ते, त्याने वेगळ्या, 500 सांगितल्या. मराठीत स्नायू मांसाकडे गेला, बंगालीत चेतेकडे. आज चेतापेशीला लावतात तो ग्रीक ‘न्यूरॉन’ शब्दसुद्धा मूळचा कंडराच, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी. बंगालीत शीतयुद्धाला स्नायुयुद्ध म्हणतात. तिथून भाषांतर करणाऱ्याला हा शब्द मराठीत तसाच उचलता येणार नाही.