रक्तातली घाण साचल्यामुळे किडनीवर वण पडतात, की वण पडल्यामुळे घाण साचते?

तुमच्या वडिलांना बरीच वर्षं मधुमेह आहे, क्रिएटिनिन 3.2, बायोप्सीच्या रिपोर्टात ‘फायब्रोसिस (म्हणजे वण) 40 टक्के’ लिहिलंय, आणि घाण काढून टाकली तर हे वण भरून येतील का, असं तुम्ही विचारलंय. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. किडनीच्या बायोप्सी वाचणं हे माझं रोजचं काम, म्हणून आधी सरळ सांगतो: जुना, घट्ट झालेला वण भरून आणणारं औषध आज आपल्याकडे नाही. आधी वण पडतात, त्यामुळे घाण साचते. मग ती साचलेली घाण पुढच्या वणांना हातभार लावते.

सुईतून आमच्याकडे येणारा तुकडा शेवईएवढा असतो, सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर लांब. त्याचे अगदी पातळ काप काढून मॅसन ट्रायक्रोम नावाचा रंग देतात. त्यात पेशी लाल दिसतात आणि वण निळा. निरोगी किडनीत लाल नळ्या एकमेकींना खेटून बसलेल्या असतात, मध्ये निळ्याची जेमतेम रेघ. वडिलांसारख्या केसमध्ये नळ्या लांब लांब गेलेल्या दिसतात, काही पार आक्रसलेल्या, आणि मधली सगळी जागा निळ्याने भरलेली. तुमच्या रिपोर्टातले 40 टक्के म्हणजे तपासलेल्या तुकड्यातला असा निळा भाग.

हे निळं म्हणजे कोलॅजन. गुडघा फुटल्यावर जो वण राहतो, त्यातही हेच असतं. पण गुडघ्याची जखम एकदाच होते. किडनीला साखर, रक्तदाब आणि गाळणीतून झिरपणारी प्रथिनं यांचा मार वर्षानुवर्षं बसतो. दुखावलेल्या नळ्यांच्या पेशी टीजीएफ-बीटासारखे संदेश सोडत राहतात, शेजारच्या पेशी कोलॅजन विणत राहतात, आणि डागडुजी कधी थांबतच नाही. त्यात बारीक रक्तवाहिन्या नाहीशा होतात, प्राणवायू कमी पडतो, आणखी नळ्या मरतात. एका किडनीत साधारण 10 लाख नेफ्रॉन, म्हणजे गाळणी आणि तिला जोडलेली नळी, असतात. गेलेल्यांचा भार उरलेल्यांवर येतो आणि तेही लवकर झिजतात. अमेरिकेतले किडनीतज्ज्ञ बॅरी ब्रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1982 मध्ये हे मांडलं.

आता घाणीकडे येतो. क्रिएटिनिन हीच घाण, असं बहुतेक घरांत धरून चालतात. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं आणि आपण ते मोजतो ते किडनी किती गाळते हे कळावं म्हणून. माणूस खंगला, स्नायू झडले, तरी क्रिएटिनिन उतरतं. त्याला किडनी सुधारली असं म्हणत नाहीत. ‘क्रिएटिनिन उतरवून देतो’ म्हणणाऱ्या काढ्यांपासून वडिलांना कृपा करून लांब ठेवा.

वणांशी ज्यांचा खरा संबंध दिसतो, त्यातलं एक द्रव्य म्हणजे इंडॉक्सिल सल्फेट. डाळ, दूध, अंडी, मटण यांच्या प्रथिनांतल्या ट्रिप्टोफॅन या घटकापासून आतड्यातले जिवाणू इंडोल तयार करतात आणि यकृत त्याचं इंडॉक्सिल सल्फेट करतं. निरोगी किडनीच्या नळ्या ते रक्तातून ओढून लघवीत टाकतात. नळ्या कमी झाल्या की ते साचतं, आणि उरलेल्या प्रत्येक नळीच्या वाट्याला जास्त येतं. पेशीच्या आत ते ऑक्सिडेटिव्ह ताण वाढवतं आणि तोच टीजीएफ-बीटा वाढवतं. किडनी निकामी केलेल्या उंदरांना ते दिल्यावर वण वेगाने वाढले, हे जपानमध्ये तोशिमित्सु निवा यांच्या गटाने 1990 च्या दशकात दाखवलं.

मग घाण काढली तर? जपानमध्ये 1991 पासून एएसटी-120 नावाचं खास कोळशाचं औषध आहे; ते आतड्यातच इंडोल शोषून घेतं. उंदरांमध्ये छान उपयोग झाला. पण 2,000 हून अधिक रुग्णांवरच्या ईपीपीआयसी चाचण्यांत, ज्यांचे निकाल 2015 मध्ये आले, आजार पुढे सरकण्यात ठळक फरक पडला नाही. मला हे वाचून वाईट वाटलं होतं, पण आहे ते असं आहे. (बाजारातला साधा कोळसा घरी देऊ नका, तो बाकीची औषधंही शोषून घेतो.) डायलिसिसनेही हे द्रव्य कमीच निघतं, कारण ते रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून असतं. डायलिसिस माणसाला जगवतं, पण वण पुसत नाही.

म्हणून जोर लावायचा तो उरलेल्या 60 टक्क्यांवर. रक्तदाब ताब्यात हवा, लोसार्टनसारखी रक्तदाबाची औषधं डॉक्टरांना न विचारता बंद करायची नाहीत, आणि गुडघेदुखीसाठी डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणायच्या नाहीत. डापाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची गोळी वडिलांना चालेल का, हे नेफ्रॉलॉजिस्टना नक्की विचारा. डापा-सीकेडी या 2020 च्या चाचणीत मधुमेह नसलेल्यांनाही त्याचा फायदा झाला. डाळ किती, मटण किती, हे आहारतज्ज्ञांकडून ठरवून घ्या, मनाने उपास काढू नका. बद्धकोष्ठता असेल तर तीही सांगा, कारण ही द्रव्यं आतड्यातच जन्माला येतात.

लघवीतल्या प्रथिनांचा आकडा तुम्ही दिलेला नाही. झाला नसेल तर याच आठवड्यात अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो करून घ्या, सकाळच्या पहिल्या लघवीचा. आणि बायोप्सीच्या रिपोर्टात सूज किंवा ‘अ‍ॅक्टिव्ह’ असा शब्द कुठे आहे का तेही पाहा, कारण त्या भागावर कधीकधी अजून इलाज करता येतो.