व्हाइट क्लाउड धापा टाकतायत? आधी हीटर काढा

"आठ व्हाइट क्लाउड मासे आणले, दोन गेले, बाकीचे वर येऊन तोंड उघडमीट करतायत, पाणी २९ अंश, कोणतं औषध टाकू?" हे वाचलं आणि माझाच एक एप्रिल आठवला. औषध कुठलंच नको. हीटरची पिन उपसा, मग पुढचं वाचा.

मी ज्या दुकानातून टाकी घेतली (नाव घेत नाही, दुकान अजून जोरात आहे) तिथे हीटर गळ्यात मारला. "फॅन्सी मासे सगळे गरम पाण्यातलेच, २८ वर ठेवा." ठेवला. मासे जायला लागल्यावर अक्कल अशी की परत त्याच्याकडेच गेलो. त्याने आधी निळं औषध दिलं, मग पिवळं, मग मीठ. तीन आठवडे टाकीत दवाखाना! शेवटी आईने काच पुसताना पाण्यात हात घातला: "अरे, हे कोमट लागतंय की!" थर्मामीटर तेव्हा कुठे आणला. हीटरचा काटा २८ वर, पाणी ३२. दहातले तीन उरले होते.

हा मासा चीनमधल्या ग्वांगझोउजवळच्या बाययुन डोंगरातल्या ओढ्यांचा. बाययुन म्हणजे पांढरा ढग. तान नावाच्या स्काउटप्रमुखाला तो सापडला, म्हणून १९३२ साली शास्त्रीय नावही टॅनिक्थिस पडलं. १८ ते २२ अंशांत खूश असतो. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० ला साडेसात, आणि गरम पाण्यात माशाला लागतो मात्र जास्त. म्हणून धापा.

एअर पंप रात्रंदिवस चालू ठेवा. झाकण काढून पाण्यावर छोटा पंखा सोडा, माझ्याकडे पुण्यात दोन-तीन अंश उतरतात. मुंबई-कोकणच्या दमट हवेत इतकी आशा धरू नका. उडालेलं पाणी रोज भरा, अर्थात क्लोरीन काढलेलं. झाकणाच्या जागी मच्छरदाणीची जाळी ताणा. हे उड्या मारतात, माझा एक कपाटामागे वाळून सापडला. बर्फाची बाटली सोडू नका, तापमान एकदम पडतं.

मी डॉक्टर नाही, माझ्या एका टाकीवरून बोलतोय. पण नागपूरकडे राहत असाल तर एसीशिवाय हा मासा पाळूच नये, असं माझं स्पष्ट मत. टाकी किती लिटरची आणि ऊन कुठल्या बाजूने येतं, तेवढं कळवा.