ड्युटीवरचा मोबाइल हँड सॅनिटायझरने पुसला तर चालतो का? (जालन्याहून एका सिस्टरचा प्रश्न)

सिस्टर, जेल सॅनिटायझरने नको, ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या वाइपने पुसा. वाइप नसेल तर तेच अल्कोहोल मऊ कापडाला लावून. जेलमध्ये बहुतेक वेळा ग्लिसरीन असतं, त्याचा चिकट थर स्क्रीनवर राहतो आणि आपल्याकडची धूळ त्यावर लगेच बसते. मी रुग्णालयात संसर्ग नियंत्रणाचं काम बघते. सगळ्यात जास्त घाण निघते ती कव्हरच्या आत आणि कॅमेऱ्याभोवतीच्या खाचेत, आणि पुसायची राहते तीच जागा. म्हणून आधी फोन बंद करा, कव्हर काढा, कोरड्या कापडाने धूळ टिपा, मगच वाइप फिरवा. पाकिटावर जेवढा वेळ लिहिलाय तेवढा पृष्ठभाग ओला राहायला हवा. मे महिन्यात मराठवाड्यात अल्कोहोल बघता बघता उडून जातं, तेव्हा दुसरा वाइप घ्यावा लागला तरी घ्या, आणि वाइपच्या डब्याचं झाकण उघडं टाकू नका. ९९ टक्क्यांचं अल्कोहोल आणू नका. जंतूंची प्रथिनं मोडायला थोडं पाणी लागतंच. फोनवर थेट फवारा नको, ब्लीच तर अजिबात नको. एक मर्यादा आहे: जुलाब घडवणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलसारख्या जंतूंचे बीजाणू, म्हणजे त्यांची टणक कवचातली सुप्त रूपं, अल्कोहोलने मरत नाहीत, तशा पेशंटजवळ फोन नेऊच नका. आणि फोन पुसला तरी पेशंटला हात लावण्याआधी हात स्वच्छ करायचेच, ते टळत नाही.