कंपनी ओव्हरटाइमच्या पैशांऐवजी सुट्टी देते म्हणते. घ्यावी का?

पैसे घ्या. सुट्टीच हवी असेल तर आधी हिशेब मांडा.

मी बडोद्याला मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) एका वर्कशॉपमध्ये 17 वर्षं लेथवर होतो. आमच्याकडे याला सी-ऑफ म्हणायचे. आठ तास जादा थांबा, एक दिवस घरी बसा. ऐकायला बरं वाटतं. पण समजा पगार 20,800 आहे. 26 दिवसांनी भागला की रोजाचे 800, तासाचे 100. कारखाना कायदा 1948, कलम 59 प्रमाणे ओव्हरटाइम दुप्पट दरानं होता, म्हणजे त्या आठ तासांचे 1,600. सुट्टी मिळाली 800 ची. निम्मे गेले आणि वर साहेबाचे आभारही आपणच मानायचे! नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याच्या जागी 2020 ची नवी कामगार संहिता आली, तिच्यातही दर दुप्पटच आहे.

एचआरवाले सांगतील, बदली सुट्टी कायद्यातच आहे. आहे ना, पण साप्ताहिक सुट्टी बुडाली तर. तीही त्याच महिन्यात किंवा पुढच्या दोन महिन्यांत द्यायची. ओव्हरटाइम त्यात जिरवता येत नाही.

2020 च्या एप्रिलमध्ये गुजरात सरकारनं कोविडचं कारण देऊन बारा तासांची पाळी आणि ओव्हरटाइम साध्या दरानं, अशी अधिसूचना काढली होती. 1 ऑक्टोबरला सुप्रीम कोर्टानं ती रद्द केली आणि कामगारांना कलम 59 प्रमाणे पैसे द्यायला लावले. सरकारला जमलं नाही ते तुमच्या मॅनेजरला कसं जमेल?

शिवाय सुट्टी मिळते कधी? माझे सहा सी-ऑफ साठले होते. वासी उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, 15 जानेवारीला, पतंग उडवायला एक मागितला. दांडिया बाजारात भावाच्या गच्चीवर सगळे जमणार होते, फिरकी धरायला पुतण्या तयार. सुपरवायझर म्हणाला, "डिस्पॅच आहे, नंतर बघू." फेब्रुवारीत एका मंगळवारी माल आला नाही, तर सकाळी सातला गेटवरच सांगितलं, "आज तुमचा सी-ऑफ टाकलाय." बायकोनं पाचला उठून केलेला डबा मी साडेआठला घरी येऊन खाल्ला. उरलेले पाच 31 मार्चला लॅप्स.

तरी सुट्टी कधीच घेऊ नका असं म्हणणार नाही. आईच्या मोतीबिंदूच्या वेळी मला पैशांपेक्षा दोन दिवस हवे होते. तेव्हा बोलणी करायचीच तर अशी करा: एका तासाला दोन तास, म्हणजे चार तास थांबलो की एक दिवस. तारीख आपण सांगणार. तीन महिन्यांत दिली नाही तर दुप्पट दरानं पैसे. हे सगळं कागदावर, सहीनिशी. आणि पंचिंगच्या स्लिपांचे फोटो काढून ठेवा. माझ्याकडे नव्हते.